ड्रायरचा पट्टा आणि फोनमधला आवाज

“ड्रायर म्हणजे असतं काय गं? एक डबा, एक मोटर आणि एक पट्टा! चहा टाक, तो उकळेपर्यंत चालू करतो!”

चष्मेवाले काका असं म्हणाले, त्याला आता महिना होत आला होता. चहा उकळला, प्यायला गेला, त्यानंतर कितीतरी वेळा पुन्हा झाला. ड्रायर होता तिथेच होता.

तसं पाहिलं तर काकांचा आत्मविश्वास पोकळ नव्हता. बाजारातल्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान. ज्यांच्यापुढे मोहरीसुद्धा भोपळ्यासारखी दिसावी असे स्क्रू ते गप्पा मारता मारता बसवत. ड्रायरचं निदानही त्यांनी अचूक केलं होतं. मोटर घुमत होती, गरम हवा येत होती, पण कपड्यांचा ड्रम ढिम्म हलत नव्हता. झाकण उघडलं, तर ड्रम फिरवणारा पट्टा तुटून तळाशी मेलेल्या सापासारखा पडलेला. नवा पट्टा आणला की काम फत्ते!

पण सुट्या भागांच्या दुकानदाराने हात वर केले. “मॉडेल नंबर सांगा. प्रत्येकाचा पट्टा वेगळा असतो.”

नंबर मशीनच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर होता. म्हणजे, एके काळी होता. काकूंनी ती पाठ घासून घासून इतकी लख्ख केली होती की तिथे नंबराऐवजी काकांचा चेहरा दिसत होता!

“अहो, मळका कागद होता तो! मला काय माहीत त्याच्यावर तुमचा जीव आहे!”

मग काकांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून मधात बुडवून काढल्यासारखा आवाज आला, “नमस्कार! आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. कृपया आपला मॉडेल नंबर सांगा.”

“अहो, तोच तर हवाय!”

“क्षमस्व. आपलं उत्तर समजलं नाही.”

“नंबर पुसला गेलाय!”

“क्षमस्व. आपलं उत्तर समजलं नाही.”

काका फोन आपटत आणि दुसऱ्या दिवशी नव्या उमेदीने पुन्हा लावत. एकदा दुकानात फोन टेबलावर ठेवून ते एका आजोबांचे डोळे तपासत होते. आजोबांनी खालची ओळ वाचली. फोन म्हणाला, “क्षमस्व. आपलं उत्तर समजलं नाही.” आजोबांनी घाबरून तीच ओळ ओरडून वाचली!

घरात खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, दिव्याच्या स्टँडवर ओले कपडे लोंबत होते. एका संध्याकाळी काका फोनवर गरजले, “हा माणूस मला भेटू दे, याला त्याच ड्रायरमध्ये घालून फिरवतो की नाही बघ!”

लेक शेजारीच उभी होती. तिने फोनमधला तो आवाज ऐकला आणि तिच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. “बाबा, तो फक्त रेकॉर्ड केलेला आवाज आहे हो!”

“आवाजाच्या मागे माणूस असतोच ना!”

लेकीने ती बशी जपून खाली ठेवली. रविवारी ती एका माणसाला घरी आणणार होती. लग्नाचं बोलायला.

रविवारी पाहुणा आला तो गळ्याभोवती भलामोठा मफलर गुंडाळून. लेकीने घाईघाईने सांगितलं, “याचा घसा पार बसलाय. बोलू नको म्हणून सांगितलंय.”

“डॉक्टरांनी?” काकूंनी विचारलं.

“मी!”

“करतो काय हा?” काकांनी विचारलं.

“तो… संवाद क्षेत्रात आहे.”

पाहुण्याने मान डोलावली. काका काहीही सांगत, तो मान डोलावत राही. एवढं लक्ष देऊन ऐकणारा माणूस काकांना महिनाभरात भेटला नव्हता. चहा संपेपर्यंत तो त्यांना भलताच आवडू लागला.

“चल, तुला एक गंमत दाखवतो!”

काकांनी पट्ट्यावर स्वतःच तोड काढली होती. चष्मा गळ्यात अडकवायच्या दोऱ्यांची घट्ट वेणी घालून त्यांनी ती ड्रमभोवती बसवली होती. “बघ हं! कंपनी गेली खड्ड्यात!” म्हणत त्यांनी उघड्या मशीनचं बटण दाबलं. ड्रम खरंच फिरला! काकूंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तेवढ्यात वेणी एका बाजूला सरकली, ती सरळ करायला काकांनी हात आत घातला आणि त्यांच्या लाडक्या राखाडी स्वेटरची बाही मोटरने गट्टम केली! बाही लांबत चालली, काका जवळ जाऊ लागले.

पाहुणा ओरडला. पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडून सवयीचंच बाहेर पडतं.

“कृपया घाबरू नका! मशीनचा वीजपुरवठा त्वरित खंडित करा!”

काकूंनी प्लग उपटला. सगळं शांत झालं. काकांनी बाही सोडवली. ती आता गुडघ्यापर्यंत आली होती. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

“पुन्हा बोल,” ते म्हणाले.

पाहुण्याने लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळे मिटले.

“आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे,” पाहुणा हळूच म्हणाला.

“बाबा, त्याची काही चूक नाही! त्याने फक्त कागद वाचून दाखवला!”

“बस,” काका पाहुण्याला म्हणाले. तो कपडे ठेवायच्या टोपलीवर बसला. मग काकांनी महिनाभर साचलेलं सगळं बाहेर काढलं. ओले मोजे, लोंबत्या चादरी, दुकानातले घाबरलेले आजोबा. पाहुणा शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “काका, समजलं.”

याच आवाजातून हाच एक शब्द ऐकायला काका महिनाभर तळमळले होते!

“पण काका,” पाहुणा चाचरत म्हणाला, “मॉडेल नंबर दाराच्या आतल्या कडेवरही असतो. ‘क्षमस्व’च्या पुढच्याच वाक्यात सांगितलंय मी ते. तुम्ही मध्येच बोलत किंवा फोन ठेवत असणार.”

काकांनी ड्रायरचं दार उघडलं. आतल्या कडेवर नंबर होता, ठसठशीत! बायकोकडे न बघता त्यांनी पायात चपला सरकवल्या. “चल रे! बघतोस काय? दुकान बंद होईल!”

दोघे जोडीने जाऊन पट्टा घेऊन आले. पाहुण्याने टॉर्च धरला, काकांच्या सराईत बोटांनी पट्टा ड्रमवरून मोटरच्या चाकीवर बसवला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. ड्रम लोण्यासारखा फिरू लागला! काकांनी त्या पोराच्या पाठीवर अशी थाप मारली की तो खरोखरच खोकला.

“पहिला मान माझ्या स्वेटरचा!” काकूंनी नुकताच धुतलेला स्वेटर काकांनी आत टाकला.

पाहुणा उठून उभा राहिला. “काका, कृपया लक्षात घ्या की लोकरीचे—”

“बास झालं तुझं रेकॉर्डिंग! सुट्टी आहे आज!”

मशीन थांबल्यावर काकांनी मोठ्या थाटात दार उघडलं. आतून जे निघालं, ते त्यांच्या तळहातावर मावत होतं! मोटरने ओढलेली बाही तेवढी शेपटीसारखी खाली लोंबत होती.

“हे आधी का नाही सांगितलंस?” काका ओरडले.

“सांगत होतो,” पाहुणा पुटपुटला.

काकूंनी तो इवलासा स्वेटर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि घडी घालत म्हणाल्या, “असू दे. टाकायचा नाही. पुढेमागे लागेलच की घरात.”

लेक लाजून खिडकीबाहेर बघू लागली. पाहुणा कानापर्यंत लाल झाला. काकांना बायकोच्या बोलण्याचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. कळला, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या स्वेटरकडे निरखून पाहिलं.

“ही एक बाही मात्र,” ते गंभीरपणे म्हणाले, “आखूड करावी लागेल.”