नुसतं लगेज धाडू नका

आमच्या ग्रुपवर नवा माणूस आला की वैरागडे काका त्याला नाव-गाव विचारत नाहीत. ‘कुठून बसले?’ एवढंच विचारतात. नवा माणूस गोंधळतो. बसलो म्हणजे? कशात? तो उत्तर शोधत असतानाच काकांचा दुसरा मेसेज येऊन पडतो, ‘घाबरू नका, जागा भरपूर आहे. मागं सरका अन् बसून घ्या. टिंग टिंग.’

टिंग टिंग म्हणजे गाडी सुटली. नारायणराव वैरागडे उमरेड-नागपूर गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या मते ते अजून ड्यूटीवरच आहेत, फक्त गाडी बदललीय. ग्रुपवर दोघांचं वाजलं की काका लिहितात, ‘भांडायचं असन तं खाली उतरा, बाकीच्या सवाऱ्याइले उशीर होऊन राहिला.’ कोणी आठ दिवस गप्प राहून एकदम उगवलं की, ‘काहून गा, स्टॉप चुकला होता काय?’

आता या गाडीबद्दल. माझं नागपुरात धरमपेठेत फॉल-पिकोचं दुकान आहे. एका उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांसाठी सगळ्यांनी मिळून चांगला वाळा मागवावा म्हणून मी गिऱ्हाइकांचा ग्रुप काढला. गिऱ्हाइकांनी आपापले मेहुणे, भाचे, व्याही आत घातले आणि बघता बघता त्रेचाळीस माणसं झाली. वाळा आला, ताट्यांना लागला, सुकला, कचऱ्यात गेला. ग्रुप तेवढा राहिला. त्याचं नाव अजूनही ‘वाळा अर्जंट’ असंच आहे. आम्ही बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. पण कोणाच्या गॅलरीत कबुतरांनी अंडी घातली आणि कोणाच्या सासूबाईंना कोणती भाजी चालत नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे.

मे महिन्यात आमच्याकडे तापमानाची बोली लागते. मी पंचेचाळीस म्हटलं की कळमेश्वरच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणारी पल्लवी सेहेचाळीस म्हणते. मग कोणीतरी सत्तेचाळीस म्हणून लिलाव आपल्या नावावर करून घेतं आणि दिवसभर त्याच अभिमानात वावरतं. उरलेले अकरा महिने आम्ही सुविचार पाठवतो. सूर्योदय, त्याखाली गुलाब, त्याखाली आईची महती. एकाच दिवशी एकच गुलाब पाच जणांकडून येतो आणि पाचही जण एकमेकांना ‘अप्रतिम’ म्हणतात.

काकांना या प्रकाराचा मनस्वी राग. अशा फॉरवर्डना ते लगेज म्हणतात. कोणी गुलाब टाकला की लगेच हटकतात, ‘हे लगेज कोणाचं आहे? सोबत सवारी कुठाय? नुसतं लगेज धाडू नका. सोताचे दोन शब्द लिहा.’

आणि खरोखर कोणी दोन शब्द लिहिले, तर काका ते सोडत नाहीत. मी एकदा सहज लिहिलं होतं की एका बाईनं निळं ब्लाउज चौथ्यांदा उसवायला आणलंय. तिसऱ्या दिवशी काकांचा मेसेज, ‘ताई, त्या निळ्या ब्लाउजवालीचं जमलं काय मंग?’ माझ्या सख्ख्या नवऱ्यानं ही चौकशी केली नव्हती. त्याला तर ते ब्लाउज निळं होतं हेसुद्धा माहीत नसावं. पल्लवीच्या वांग्याच्या भरताचं काय झालं, कोणाची स्कूटर सुरू झाली का, कोणाच्या भाच्यानं मुलगी बघून काय कळवलं, सगळ्याचा पाठपुरावा काकांकडे.

काकांचा दुसरा नियम जास्त कडक होता. व्हॉइस मेसेज बंद. ‘गाडीत रेडिओ वाजवू नये,’ असं ते लिहायचे, आणि ते कोणासाठी असायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

देशकर सर हे निवृत्त मुख्याध्यापक. रोज सकाळी सहाला त्यांचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज येतो. विषय, जीवन कसं जगावं. आम्ही सगळे त्याला मनापासून दाद देतो. सात मिनिटांच्या मेसेजला चौथ्या सेकंदाला हात जोडलेलं चित्र पडतं, पाठोपाठ ‘खूप सुंदर विचार सर’. जीवन जगण्याच्या गडबडीत ते कसं जगावं हे ऐकायला कोणाला वेळ नाही, पण तसं तोंडावर सांगणार कोण? सांगायचे ते एकटे वैरागडे काका. रोज सव्वासहाला, ‘सर, रेडिओ बंद करा. काय ते लिहून धाडा. टिंग टिंग, पुढं चला.’ सर चिडायचे. आम्हाला मजा यायची.

एका गुरुवारी सरांचा मेसेज नेहमीपेक्षा लहान आला. दोनच मिनिटांचा. आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. हात जोडले गेले. एकानं ‘दिवसाची छान सुरुवात’ लिहिलं. दुसऱ्यानं ‘असेच प्रेरणा देत राहा’ लिहिलं. मी ‘अगदी खरंय सर’ असं लिहून दूध तापवायला गेले. सव्वासहाला काकांनी आपलं लिहिलं, ‘रेडिओ बंद करा सर. टिंग टिंग, पुढं चला.’

साडेसातला कारखान्याच्या बसमध्ये पल्लवीचं बोट चुकून त्या मेसेजवर पडलं. कानात इअरफोन होते, म्हणून तिनं तो ऐकला. तिनं एकच ओळ टाकली, ‘अहो, सरांचे धाकटे भाऊ रात्री वारले. सर रडत सांगताहेत.’

त्यानंतरच्या पाच मिनिटांत आमच्या ग्रुपनं जी चपळाई दाखवली ती वाळा आणताना दाखवली असती तर त्या वर्षी घामोळं उठलं नसतं. ‘छान सुरुवात’ पुसलं गेलं. ‘प्रेरणा’ पुसली गेली. माझं ‘अगदी खरंय सर’ मीही पुसलं, आणि लगेच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. हे मी लपवत नाही, कारण तेव्हा लपवलं होतं. जागेवर एकच मेसेज राहिला, काकांचा. टिंग टिंग, पुढं चला.

मग सगळे काकांवर तुटून पडले. माणुसकी, संस्कार, वयाचा मान असे एरवी गुलाबाखाली असणारे शब्द पहिल्यांदाच कामाला आले. ज्यांनी ‘प्रेरणा देत राहा’ लिहिलं होतं ते सगळ्यांत पुढे होते. काकांकडून एक अक्षर नाही. संध्याकाळी सरांनी मला, म्हणजे ॲडमिनला, चक्क लिहून पाठवलं, ‘मॅडम, एक तर ते राहतील, नाही तर मी.’

मी काकांना फोन लावला. उचलला नाही. ते कोणाचाच फोन उचलत नसत, हेही आम्ही त्यांच्या विक्षिप्तपणात जमा केलं होतं. मग मी लिहिलं, ‘काका, तुम्हाला काढायला सांगताहेत. काय करू?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘घरी या. समोर बसून सांगतो.’ उमरेडला एका विणकराकडून साड्या आणायच्याच होत्या. शनिवारी मी गाडीत बसले.

घर सापडलं. अंगणात एक उंच, वाळलेला माणूस माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसला होता, हातात मोबाइल. मी फाटकातून ‘काका’ म्हणून हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. तिसऱ्या हाकेला आतून काकू पदराला हात पुसत आल्या.

“त्याइले आवाज देऊन काई फायदा नाई वं बाई,” त्या म्हणाल्या. “सात वर्सं झाले. काईच ऐकू येत नाई.” आणि त्यांनी जाऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

काकूंनी चहा टाकला. काका आणि मी एकाच खाटेवर बसलो. मी मोबाइलवर लिहायची, ते हातभर अंतरावर आपल्या मोबाइलवर वाचायचे आणि तोंडानं उत्तर द्यायचे. स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही, त्यामुळे उत्तर अख्ख्या गल्लीला जायचं. ‘कानाला मशीन का नाही लावत?’ मी लिहिलं. “आणलं होतं ना!” काका गरजले. “सगळी भांडी एकदम पडल्यावानी वाजते त्यात. ठेवून देलं.”

काकू चहा देताना म्हणाल्या, “जन्मभर गाडीत लोकायच्या गोष्टी आयकल्या यायनं. घरी येऊन मले सांगत. कान गेले अन् माणसात बसणं सोडलं. दोघं-तिघं बोलू लागले का हे उठून जात. मंग कोण्या भाच्यानं तुमच्या त्या वाळ्यात टाकलं. तवापासून पुन्हा सांगून राहिले मले गोष्टी. ते निळं ब्लाउज तुमचंच ना?”

मी लिहिलं, ‘काका, ग्रुपवर खरं सांगून टाका. दोन मिनिटांत सगळे माफ करतील.’

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान हलवली. “नाई. हे कोणाले सांगू नका ताई,” ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की समोरच्या पिठाच्या गिरणीतला माणूस वळून पाहू लागला. “बहिरा म्हटलं का लोक बोलनंच सोडतेत. नुसते हात हलवतेत, हसतेत, अन् निघून जातेत. तुमच्या गाडीत मले कोणी सोडत नाई. भांडतेत माह्यासंगं. शिव्या देतेत. बराबरीनं.”

‘मग तुम्हाला काढावं लागेल,’ मी लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं.

“काढा ना. चुकलंच माह्यं. माणूस रडून राहिला अन् मी घंटी वाजवली. पण बहिरा म्हणून ठेवू नका.”

मी विचारलं, तो मेसेज निदान पुसला का नाही? बाकीच्यांनी पुसले तसा? काका म्हणाले, “फाडलेलं तिकीट वापस गठ्ठ्यात जाते काय?” माझा मेसेज मी पुसला होता.

निघताना त्यांनी सरांचा पत्ता मागितला. “भेटाले जातो,” म्हणाले. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जाण्याची रीत आहे, तिला काही बोलावं लागत नाही. जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, उठायचं. ते त्यांना जमेल असं मलाही वाटलं. पण देशकर सर दारातून आत घेतील की नाही, याची धास्ती होती. सरांना मी निरोप दिला, सोमवारपर्यंत थांबा. बटण माझ्या हातात होतं, आणि हातून ते दाबवत नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला सरांचा व्हॉइस मेसेज आला. मी दुकान उघडल्यावर मशीन बंद ठेवून, स्टुलावर बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. पाच वर्षांत पहिल्यांदा.

सर म्हणत होते, “काल वैरागडेजी आले होते. मी त्यांना दारातूनच परत पाठवणार होतो. पण ते हात जोडून उभे राहिले. आत आले, बसले. मग मी जे बोलायला लागलो ते दोन तास. लहानपणापासूनचं सगळं. आमचे नातेवाईक येतात, पाच मिनिटांत घड्याळ बघतात. या माणसानं माझ्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. एकदाही मध्ये बोलले नाहीत. इतकं मनापासून माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. ॲडमिन मॅडम, माझी तक्रार मी मागे घेतो.”

चौथ्या सेकंदाला हात जोडले गेले होते. ‘खूप सुंदर विचार सर’ही पडलं होतं.

काकांना तो मेसेज ऐकू येणार नव्हता, म्हणून मी त्यांना वेगळं लिहून कळवलं, ‘सरांनी तक्रार मागे घेतली. तुम्ही गाडीतच आहात.’ आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, ‘दोन तास सर काय बोलले, काही कळलं का हो?’

बराच वेळ ‘टाइप करत आहे’ दिसत राहिलं. मग आलं, ‘काईच नाई समजलं ताई. पण तो माणूस माह्या गुडघ्यावर हात ठेवून बोलून राहिला होता. मधातच उठता येते काय?’

थोड्या वेळानं आणखी एक. ‘एक काम करा. सराइले इचारून लिहून धाडा. भावाचं नाव काय होतं, काय करत होता, काई तरी. एवढा वेळ बसलो अन् नावही मालूम नाई. मले कसं तरी होऊन राहिलं.’

दुकानात तीन साड्या पिकोच्या बाकी होत्या, आणि एक बाई काउंटरला टेकून उभी होती. तिला मी उद्या या म्हटलं. मापं लिहायची वही उघडली, कोरं पान काढलं आणि देशकर सरांना फोन लावला. सर एकदम सुरूच झाले. भावाचं नाव मधुकर. सरांपेक्षा अकरा वर्षांनी लहान, सरांनीच त्याला सायकल शिकवलेली. शिकताना पडून कपाळावर खोक पडली होती, ती शेवटपर्यंत दिसायची. इथे सर थांबले.

“ऐकताय ना मॅडम?” त्यांनी विचारलं.

“ऐकतेय सर,” मी म्हटलं. “सावकाश सांगा. मला सगळं लिहून घ्यायचंय.”