उंदरांचा कौल

"माणिकभावजींच्या सत्यशीलानं हैदराबादला न्यायची साडी आत्ताच काढून ठिवली," कुसुमबाईंनी भाकरी वाढता वाढता सांगितलं. "आपलं कवा जमायचं?"

त्यांच्या नवऱ्याला, दिनकररावांना ठसका लागला. ते आणि माणिकराव दोघंही परभणीत पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधशास्त्र शिकवत, एकाच दिवशी नोकरीला लागलेले. पण 'डीओआय'ची कुपी मिळाली ती माणिकरावांना. हैदराबादचे प्राध्यापक व्यंकटराव उद्या प्रयोग पाहणार होते. पसंत पडला, तर माणिकरावांना तिथल्या परिषदेचं बोलावणं.

डीओआय म्हणजे एलएसडीसारखे भास घडवणारं, पण फारसं कुणाला ठाऊक नसलेलं कृत्रिम संयुग. उंदराला भास होतोय का, हे विचारता येत नाही. पण मेंदूतल्या सिरोटोनिनच्या ठरावीक ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरांवर संयुग बसलं, की उंदीर मान झटकतो. तेवढंच पाहायचं.

उंदरांची निगा राखणाऱ्या भुजंगला यात नवल वाटलं नव्हतं. "आमच्याकडं बळीच्या बोकडावर पाणी टाकतेत. त्यानं अंग झाडलं की देवाचा कौल मिळाला. तुमचंबी तेच हाय की!"

विद्यापीठाच्या नामांतरावरून पुकारलेल्या बंदमुळं एसट्या उभ्या होत्या, म्हणून माणिकराव पाहुण्यांना आणायला रेल्वेनं पूर्णेला गेले. इकडं दिनकररावांनी कपाट उघडून डीओआयची कुपी काढली.

"सायेब, प्रयोग उद्या हाय ना?" भुजंगनं विचारलं.

"खरं हाय का खोटं, नुसतं बघायलोय."

काहीच होऊ नये, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पण सुई टोचल्यावर थोड्याच वेळात उंदीर माना झटकू लागले. एकेका झटक्यागणिक दिनकररावांना सत्यशीलावहिनींची साडी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी पाहुण्यांसमोर त्याच उंदरांना तेच औषध टोचलं. उंदीर ढिम्म. एक तर चक्क मिशा साफ करत बसला. माणिकरावांना घाम फुटला. दिनकररावांनी मोठ्या कष्टानं चेहरा दुःखी ठेवला.

व्यंकटराव पिंजऱ्यावर वाकले. "यांना काल दिलं होतं का हे?"

"न्हाई सर," माणिकराव म्हणाले.

"असं कसं? दिनकररावसायबांनी टोचलं की!" भुजंग म्हणाला. "लय माना झाडल्या उंदरांनी."

सगळे दिनकररावांकडं वळले. स्वतःहून टोचलं म्हणावं, तर चोरी. ते घाईनं म्हणाले, "माणिकरावांनीच सांगितलं होतं."

"वा!" व्यंकटराव खूश झाले. "काल दिलं म्हणून आज ग्राही दाद देत नाहीत. एका मात्रेत सहनशीलता! आणि हे मुद्दाम न सांगता मला ओळखायला लावलं. माणिकराव, परिषदेत हेच मांडा."

माणिकराव गोंधळून नुसते हसले.

"तुम्ही जाऊन येईपर्यंत उंदरांकडं कोण बघणार?" व्यंकटरावांनी विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत भुजंगनं वरच्या पिंजऱ्याला लावायला पाण्याची भरलेली बाटली उलटी केली. बूच सैल होतं. गार धार थेट दिनकररावांच्या मानेवर आली आणि त्यांनी जोरात अंग झाडलं.

"घ्या!" भुजंग आनंदानं ओरडला. "सायबांनी कौल दिला!"