वेजाशी गूज

आमच्या प्रेसमध्ये मुबारकभाईंना काही सांगायचं असेल तर ते त्यांच्या उजव्या कानात सांगावं लागतं. मग सांगणारा साहेब असो की चहावाला. समोर उभं राहून बोललात, तर हा माणूस तुमच्याकडे नुसता प्रसन्नपणे बघत राहतो आणि कानाच्या पाळीला बोट लावतो. "वेजाशी ये. गूज हाय तर वेजाशी सांगायचा." मी पहिल्या दिवशी त्यांना सांगितलेलं गूज असं होतं, की बाथरूमच्या नळाला पाणी नाही.

मुबारकभाई श्रीवर्धनचे. कतारात, दोहातल्या आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका, मेनूकार्डं, बिलबुकं छापणारं मोठं मशीन तेच चालवतात. मी सांगलीचा, कॉम्प्युटरवर मजकूर लावतो, आणि स्वभावानं तिरसट. दुसऱ्याची चूक दिसली की माझं डोकं सटकतं. आमचं जमायचं तसं काही कारण नव्हतं. जमलं ते एका शब्दावरून.

तो शब्द म्हणजे वेझगूज. रद्दीत आलेल्या छपाईच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात तो त्यांना सापडला. पूर्वी विलायतेत दिवस लहान व्हायला लागले की छापखान्यात दिवे लावून काम सुरू व्हायचं. त्या सुमाराला, ऑगस्टच्या अखेरीस, मालक कामगारांना मेजवानी द्यायचा. त्या सणाचं नाव वेझगूज. शब्द आला कुठून, ते पुस्तकवाल्यालाही ठाऊक नव्हतं. मुबारकभाईंना मात्र होतं.

"वेज म्हंजे कानाचा भोक, गूज म्हंजे मनातली गोष्ट. मशीनच्या आवाजात वर्षभर कोण कोणाचा ऐकत नाय. म्हणून एक दिवस मशीन खलास, आनि कानाशी गूज. आपलाच शब्द हाय. आपल्या बंदरातून गेला तिकडे."

झालं, माझं डोकं सटकलं. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेटवरचे शब्दकोश उपसले. इंग्रजीत गूज म्हणजे बदकाचा थोरला भाऊ. आणि वेझ म्हणजे म्हणे कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं. धसकटांत चरून माजलेला तो पक्षी त्या दिवशी खात असतील, असा तर्क कुणीतरी फार पूर्वी लढवला होता. पण जाणकारांना तोही पटत नव्हता, कारण जुन्यातल्या जुन्या छपाईत मधला झ नव्हताच. थोडक्यात, कुणालाच काही माहीत नाही. मी या सगळ्याचा प्रिंटआउट काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे माजा चुकीचा हाय, असा पन कोण बोलत नाय."

मी कपाळावर हात मारून घेतला.

दर ऑगस्टला ते साहेबांकडे वेझगूज मागायचे आणि साहेब इन्शाल्ला म्हणून वाटेला लावायचे. यंदा काय झालं कोण जाणे, साहेब म्हणाले, यल्ला, चला, व्हॅन घेऊन जा. मुबारकभाईंनी पहाटे उठून वडे आणि मटण केलं. शुक्रवारी दुपारी आम्ही दुखानच्या किनाऱ्यावर पोचलो, आणि ऑगस्टातल्या त्या उन्हात दार उघडायची कुणाची छाती होईना. केरळचा बाइंडर, नेपाळचे दोघं आणि मी, सगळ्यांनी एसी चालू ठेवून व्हॅनमध्येच मटण ओरपलं. मग मुबारकभाईंनीच ठरवलेल्या रिवाजाप्रमाणे एकेकानं त्यांच्या उजव्या कानाशी आपलं गूज सांगितलं. ते प्रत्येकाला मान डोलावून "बरा, बरा" म्हणाले.

माझी पाळी आली आणि त्यांच्या खिशातला फोन थरथरत वाजला. त्यांनी नाव बघून कापला. परत वाजला, परत कापला. मी म्हटलं, भाभींचा दिसतोय, उचला की. तसे ते मला हाताला धरून खाली उतरले, थेट व्हॅनच्या मागे.

"डावा कान कवाच गेला," ते म्हणाले. "उजव्याला कोण जवळ येऊन मोठ्यान् बोलला तर कलतं. फोनवर कायपन नाय. दोन वर्षं ती बोलते, मी नुसता बरा, बरा करतो. गेल्या महिन्यात तिनं कायतरी इचारलान्. मी बरा बोललो. तवापासून व्हिडिओवर डोले पुसताना दिसते. काय इचारलान् ता मना म्हाईत नाय."

लिहून विचारावं, तर भाभींना वाचता येत नाही. जन्मभर छापणाऱ्या माणसाची बायको. आणि कान गेल्याचं साहेबांना कळलं तर घरी धाडतील, या भीतीनं कुणाला बोललेच नव्हते. इतकी वर्षं त्या शब्दावरून मी वाद घालत होतो आणि हा माणूस ऐकू यावं म्हणून धडपडत होता. मला स्वतःची लाज वाटली.

तिसऱ्यांदा फोन वाजला. मी उचलला, कोण ते सांगितलं आणि कानांचं सगळं खरं सांगून टाकलं. गेल्या महिन्यात काय विचारलं होतं, तेही विचारलं. मग त्या बोलल्या, आणि मी तोंड मुबारकभाईंच्या उजव्या कानाला लावून ते मोठ्यानं म्हटलं.

"त्यांनी विचारलं होतं, तुम्ही आता परत येणारच नाही का? आणि तुम्ही बरा म्हणालात."

मुबारकभाई तिथेच वाळूत बसले. "तिला सांग," ते म्हणाले, "येतो. ह्याच वर्षी येतो. कानांचा कलला तर कलूदे साहेबाला."

मी सांगितलं. त्या रडल्या, हसल्या, मग म्हणाल्या, दोन वर्षं मी बोलले ते सगळं वायाच गेलं का? मी तेही कानाशी सांगितलं.

"पयल्यापासून सांग म्हनावं," मुबारकभाई म्हणाले.

आणि खरंच, भाभींनी पहिल्यापासून सुरुवात केली. आंब्याला आलेला मोहर, गळकी मोरी, बहिणीच्या मुलीचं लग्न. माझ्या कानाला फोन, तोंड मुबारकभाईंच्या कानाशी, आणि ते गूज मी घसा फोडून ओरडत होतो. व्हॅनमध्ये सगळं ऐकू जात असणार, पण तिथे मराठी कुणालाच येत नव्हतं. माझा शर्ट घामानं भिजला होता. मुबारकभाई डोळे मिटून ऐकत होते आणि या खेपेला एकदाही बरा म्हणाले नाहीत.