‘नंतर’ची नोंदवही

विजापूर रोडवरील शिवशरण यांच्या घरातील संगणकाने गेल्या वर्षी जून महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास, एक प्रश्न विचारला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक लहानशी पांढरी चौकट आली. तिच्यात शुद्ध मराठीत लिहिले होते : ‘अपडेट तयार आहे. आता बसवू की नंतर? यापुढे न विचारता आपोआप बसवू का?’

मीनाबाई त्या वेळी एकविसाव्या पानावर होत्या. त्यांनी अक्षरओळख चाळिशी ओलांडल्यावर साक्षरता वर्गात करून घेतली होती, आणि आता सहासष्टाव्या वर्षी उजव्या हाताच्या एका बोटाने त्या आपल्या आईची हकिकत संगणकावर लिहीत होत्या. आई, म्हणजे शिवबाई. गिरणीच्या रिळिंग खात्यात तिने सत्तावीस वर्षे सूत गुंडाळले होते. येत्या बुद्धपौर्णिमेला ही हकिकत छापून विहारात वाटायची असे ठरले होते. घाई एवढ्याचसाठी, की शिवबाईच्या शेजारच्या रिळावर बसणारी सावित्रम्मा अजून हयात होती. तिने नव्वदी गाठली होती, डोळे गेले होते, कान मात्र शाबूत होते. तिने मीनाबाईंना बजावले होते, “मी हाय तवर छाप गं पोरी. मला वाचून दाखव. मग मी जाते निवांत.”

मीनाबाईंनी चौकट अक्षराला अक्षर लावून वाचली आणि आत हाक मारली, “अहो, हे यंत्र काय तरी विचारतंय.”

हरिदास शिवशरण एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत चौतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले होते. नोकरी सुटली तरी शाखा सुटली नव्हती. घरात आलेल्या लग्नपत्रिकेवरही ते आवक क्रमांक टाकत आणि मगच लग्न कुणाचे ते पाहत. त्यांनी चष्मा पुसला, चौकट तीनदा वाचली आणि बोट ‘न विचारता’ या शब्दांवर ठेवले.

“न विचारता म्हणजे काय? चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून न विचारता एक कागद पुढे गेला नाही.”

“विचारून तरी कुटं गेला?” मीनाबाई म्हणाल्या.

हरिदासांनी या शेऱ्याची नोंद घेतली नाही.

लेक धम्मप्रिया मंगळवेढ्याच्या शाळेत शिक्षिका होती. संगणक तिनेच आणून, मराठीत करून दिला होता. रविवारी ती एसटीने आली तेव्हा प्रकरण तिच्यापुढे ठेवण्यात आले.

“बाबा, ‘होय’ दाबा आणि विसरून जा,” ती म्हणाली. “यंत्रात कुठं ना कुठं भोकं सापडतात. चोर तिथनं आत शिरतात. कंपनी ती भोकं बुजवायचं सामान पाठवते. अपडेट म्हणजे तेवढंच.”

“भोकं आहेत हे कंपनी लेखी मान्य करते?”

“करते की.”

“मग विकताना का ठेवली?”

धम्मप्रियाने कपाळावर हात मारला. हरिदासांनी लिहिले : ‘समाधानकारक खुलासा प्राप्त नाही.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाईल उघडली. विषय : ‘घरगुती संगणकास आपोआप अपडेट होऊ देण्याबाबत.’ पहिल्याच टिपणीत त्यांनी दाखवून दिले की, सदर प्रस्तावावर जावक क्रमांक नाही, दिनांक नाही, संदर्भ नाही. प्रस्ताव कोणी, कोणत्या अधिकारात सादर केला हे स्पष्ट होत नाही. आणि अर्जदाराने उत्तराची वाट न पाहता पडद्यावर ठाण मांडले आहे, ही बाब गंभीर आहे. टिपणीच्या शेवटी त्यांनी जन्मभर लिहिलेले दोन शब्द लिहिले : ‘चर्चा करावी.’

चर्चेला शेजारचे चन्नप्पा आले. ते लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. दोघे एकमेकांना ‘साहेब’ म्हणत, कारण आता दुसरे कोणी म्हणत नव्हते.

“साहेब, ‘आपोआप’ ह्या शब्दालाच माझा आक्षेप हाय बगा,” चन्नप्पा कडक भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवत म्हणाले. “आपोआप झालं तर जबाबदार कोण? कुणीतरी केलं तर निदान धरायला माणूस सापडतंय की.”

“मग नकार कळवू या?”

“नकाराला कारण द्यावं लागतंय. होकाराला अधिकार लागतोय. ‘नंतर’ला काय लागत न्हाई.”

हरिदासांनी स्वतः उठून त्यांना आणखी एक भाकरी वाढली. असा सहकारी त्यांना नोकरीत मिळाला नव्हता.

अभ्यास पूर्ण होईपर्यंत ‘नंतर’ दाबत राहावे, असे ठरले. पण संगणक चिकट निघाला. दिवसातून चार वेळा तो तीच चौकट पुढे करी. प्रत्येक वेळी ‘नंतर’ कोणी दाबले याचा पुरावा नको का? म्हणून एक जाड नोंदवही आणण्यात आली. हरिदासांनी पट्टी घेऊन रकाने आखले : अनुक्रमांक, तारीख, वेळ, दाबणाऱ्याचे नाव, सही. संगणकापाशी दिवसभर मीनाबाईच बसत असल्याने हे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. सकाळचा चहा झाल्यावरचा तेवढा एक ‘नंतर’ हरिदासांनी अधूनमधून स्वतः दाबायचा.

मीनाबाईंना सुरुवातीला हे काम आवडले, हे लपवण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षे अंगठा लावलेल्या बाईला सही करण्याची हौस फिटता फिटत नाही. ‘मी’ची वेलांटी त्या अशी वळवत की पाहणाऱ्याने पाहत राहावे. शिवाय चौकट नेमकी एखादे वाक्य जुळून येताना उगवे. कोण उठून अपडेट करीत बसणार? ‘नंतर’ दाबायचे, सही करायची, आईकडे परत जायचे.

दिवाळी आली नि गेली. चौकट कोपऱ्यातून सरकत पडद्याच्या मध्यावर आली. संक्रांतीला ती मोठी झाली, आणि होळीच्या सुमारास तिच्याभोवती लाल रेघ उमटली.

“आता कुठे अर्जदाराला पाठपुरावा करायची रीत कळली,” हरिदास समाधानाने म्हणाले.

दर रविवारी धम्मप्रिया भांडून जाई. एकदा तिने निर्वाणीचा उपाय म्हणून पेनड्राइव्ह आणला. “अपडेट नको तर नको. आईच्या पानांची एक प्रत तरी काढून ठेवू द्या!”

“अपूर्ण दस्तऐवजाची प्रत काढता येत नाही,” हरिदास म्हणाले. “काढली तरी ती साक्षांकित कोण करणार?”

“आजीच्या गोष्टीला साक्षांकित करायचं?”

“उद्या कुणी म्हणालं, ही ती आजीच नव्हे, तर?”

पेनड्राइव्ह कोऱ्या लिफाफ्यात घालून, लाखेने मोहोर लावून, कपाटात ठेवण्यात आला. धम्मप्रिया आईकडे पाहत राहिली. मीनाबाई म्हणाल्या, “जाऊ दे गं. पुरं झालं की काढू की. नंतर.”

एप्रिलच्या एका शुक्रवारी हकिकत पुरी झाली. एकशे बारा पाने. छापखान्याने सोमवारी मागितली होती. मीनाबाईंनी सावित्रम्माच्या घरी जाऊन सांगितले. म्हातारीने त्यांचा हात हातात घेतला आणि लिहिणारे बोट कोणते ते चाचपून पाहिले.

शनिवारी नळाला पाणी येण्याचा दिवस होता. मीनाबाई हंडे भरत असताना हरिदासांनी संगणकावरचे टपाल उघडले आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. असे ते फक्त वरिष्ठांपुढे करीत.

पत्रच तसे होते. वर संदर्भ क्रमांक, तोही तिरक्या रेघांनी चार ठिकाणी तोडलेला. दिनांक. विषय : ‘आपल्या संगणकाचे प्रलंबित अपडेट : अंतिम स्मरणपत्र.’ खाली : ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, अठ्ठेचाळीस तासांत मान्यता न दिल्यास पुढील कार्यवाहीची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ गोल शिक्का. सही. ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून आणखी तीन कार्यालये. आणि सर्वांत खाली एक निळे बटण : ‘मान्य.’

चन्नप्पांना बोलावणे गेले. त्यांनी बनियनवर शर्ट चढवून पत्राची तपासणी केली. समास बरोबर होता. संदर्भ होता. शिक्का सहीवर अर्धा चढला होता.

“याला म्हणतात प्रस्ताव,” चन्नप्पा म्हणाले. “ते रोजचं पांढरं डबं काय? ना आगा, ना पिछा.”

मीनाबाई ओले हात पदराला पुसत आल्या. त्यांची वाचण्याची रीत साक्षरता वर्गातली, प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून. बोट शेवटी सहीपाशी थांबले.

“अहो, सही हाय, पण नाव कुटं हाय?”

“सही वाचता येत नाही ना?”

“न्हाय येत.”

“म्हणजे मोठ्या साहेबाची आहे.”

“धम्मूला इचारू या की.”

“तिची सकाळची शाळा आहे, फोन बंद. इथे अठ्ठेचाळीस तास म्हटलंय.”

“मग दुपारी इचारू. अठ्ठेचाळीस तास लई होतात.”

“मुदत ही पाळण्यासाठी असते, वापरून टाकण्यासाठी नसते,” हरिदास म्हणाले. ज्या माणसाने एका होकाराला साडेदहा महिने लावले होते, त्याला आता दुपारपर्यंत दम निघेना.

मीनाबाईंचे बोट सहीवरून शिक्क्यावर सरकले. त्यांच्या हकिकतीत एकसष्टाव्या पानावर हेच होते. गिरणीतल्या कारकुनाने शिवबाईपुढे कागद धरला होता, त्यावरही शिक्का होता, आणि तो म्हणाला होता, हजेरीचा आहे, लाव अंगठा. शिवबाईने लावला. तो तिचाच राजीनामा होता. हे पान लिहायला मीनाबाईंना आठ दिवस लागले होते.

“तुमी एकसष्टावं पान वाचलंय न्हवं?” त्यांनी विचारले.

“छापून आल्यावर वाचणार आहे,” हरिदास म्हणाले. फाईलवर त्यांनी ‘मंजूर’ असे लिहिले, खाली सही केली, चन्नप्पांची साक्ष घेतली आणि बटण दाबले.

पडदा एकदा काळा झाला. मग मीनाबाईंच्या पानांच्या जागी कोणत्याच भाषेत नसलेली अक्षरे आली. एकशे बारा पाने होती तिथेच होती, पण एकही उघडेना. त्यावर एक निवेदन आले : तुमचे कागद आम्ही कुलूपबंद केले आहेत, किल्ली हवी असल्यास पैसे पाठवा, अडचण असल्यास खालील चौकटीत लिहा.

हरिदासांनी लिहिले : ‘सदर कार्यवाही कोणत्या नियमान्वये?’

अर्ध्या मिनिटात उत्तर आले : ‘नमस्कार सर. आपली तक्रार क्रमांक ७७१ वर नोंदवली आहे. आम्ही चोर आहोत. आणखी काही मदत हवी आहे का?’

“अर्ध्या मिनिटात!” चन्नप्पा भारावून म्हणाले. “साहेब, आपल्या वेळी पोच द्यायलाच महिना लागायचा.”

“तक्रार क्रमांकही दिला,” हरिदास पुटपुटले.

मीनाबाई खाली बसल्या. “माझी आई कुटं गेली?” त्या म्हणाल्या. दोघा साहेबांपैकी कोणाकडेच ही बाब येत नव्हती.

शाळा सुटल्यावर निरोप मिळाला आणि दुपारी धम्मप्रिया आली. तिने सगळे पाहिले. “ज्या भोकातनं हे आत आले ना बाबा,” ती म्हणाली, “ते नऊ जूनलाच बुजवून पाठवलं होतं. ती पांढरी चौकट म्हणजे तेच.” किल्ली विकत घ्यावी का, असे हरिदासांनी विचारले. चोराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर त्याला साक्षीदार कोण राहणार, असे तिने विचारले, आणि ती रडायला न्हाणीघरात गेली. कपाटातला पेनड्राइव्ह लाखेच्या मोहोरेसह सुस्थितीत आढळला. कोरा.

प्रकार गंभीर असल्याने चौकशी समिती नेमणे भाग होते. समितीत हरिदास आणि चन्नप्पा होते. त्यांनी तीन दिवस नोंदवही तपासली आणि निष्कर्ष काढला. एकूण एक हजार दोनशे एक्क्याऐंशी वेळा अपडेट लांबणीवर टाकण्यात आले. त्यांपैकी एक हजार एकशे सात नोंदींवर सौ. मीनाबाई यांची सही आहे. सही ठळक, सुवाच्य व संशयातीत आहे. सबब विलंबाची जबाबदारी त्यांच्यावर निश्चित होते. त्यांनी सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

नोटीस स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याखाली दाबून बजावण्यात आली.

मीनाबाईंनी ती बोट ठेवून वाचली. मग उठून नोंदवही घेतली आणि आपल्या सह्या पहिल्यापासून पाहिल्या. वेलांट्या खरेच सुरेख होत्या. आईने एक अंगठा लावला होता, न वाचता, कारण तिला येत नव्हते. आपण अकराशे सात सह्या केल्या, विचार न करता, कारण आपल्याला येत होते. त्यांनी खुलासा लिहिला : ‘सह्या माझ्याच हायत.’ नोंदवहीची मागची पाने कोरी होती. तिथे त्यांनी पेनने लिहिले, ‘माझ्या आईचं नाव शिवबाई,’ आणि त्या दिवसापासून रोज जेवढे लिहून होई तेवढे संध्याकाळी सावित्रम्माला वाचून दाखवू लागल्या. बुद्धपौर्णिमा तशीच गेली. म्हातारी अकराव्या पानापर्यंत पोचली. बारावे पान लिहून झाले त्या दिवशी ऐकायला ती नव्हती. राजीनाम्याचे पान अजून पुष्कळ लांब होते.

तिच्या दिवसकार्याला जमलेल्या मंडळींत हा सगळा प्रकार निघालाच. हरिदासांच्या फाईलवर सगळे हसले, चन्नप्पांच्या समासावर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुःखाच्या घरी हसायला मिळाले की माणसे सोडत नाहीत. मीनाबाई कोपऱ्यात बसून एवढेच पाहत होत्या की, हसता हसता एकेकाच्या हातातला फोन उजळत होता, त्यावर ती लहानशी चौकट येत होती, आणि वर न पाहता, हसणे न थांबवता, प्रत्येकाचा अंगठा ‘नंतर’वर जाऊन पडत होता. आपोआप.

तुम्हीही आत्ता हसलात. हरकत नाही. तुमचा अंगठा तेवढा कुठे आहे, पाहून घ्या.