लाइट जायची वाट

वर्षभर पुरेल म्हणून आणलेली कुंकवाची पुडी माघातच संपली.

गल्लीच्या तोंडाशी एक पिवळा जेसीबी दोन दिवस नुसता उभा होता.

श्वेताचा लॅपटॉप चार्जर काढला की मान टाकतो.

“काका, मांडीवर काय? टीव्ही?” रिक्षावाल्याने विचारलं.

केसांची पिन, एक.

आता या साऱ्या गोष्टी जोगेश्वरीतल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कशा जमल्या, ते सांगायचं तर दत्ताराम परबांपासून सुरुवात करावी लागेल.

दत्तारामांचं लहानपण देवगडजवळच्या गावात रॉकेलच्या चिमणीपुढे गेलं. पुढे गावात वीज आली, पण आभाळ नुसतं भरून आलं तरी पळून जायची. आपल्या घरात अंधार म्हणून शिरता कामा नये, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. निवृत्त झाल्यावर दसऱ्याचा मुहूर्त साधून त्यांनी सुटकेसएवढा लाल इन्व्हर्टर जनरेटर घरी आणला. पंपवाले बाटलीत पेट्रोल देईनात, तेव्हा त्यांनी अख्खं यंत्रच मांडीवर घेऊन रिक्षाने पंप गाठला आणि टाकी काठोकाठ भरून आणली. त्या दिवशी तो पाच मिनिटं चालवून पाहिला. इतका गोड घुमला की दत्तारामांचे डोळे भरून आले. मग पुसून गॅलरीत ठेवला. उगाच वापरून झिजवायचा कशाला?

अडचण एकच. लाइट जाईना.

चार महिने झाले. शेजारची विनिता येता-जाता विचारायची, “काय काका, काही बातमी?”

“नाही गं. काल जराशी फडफडली होती.”

“जाईल हो, जाईल. धीर धरा.”

दत्तारामांच्या आई वनमालाबाई ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी या वस्तूचा आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. काम काही करत नाही, कोपऱ्यात बसून असतो आणि घरचे त्याला रोज पुसतात, म्हणजे देवच. आंघोळ झाली की त्या ओल्या बोटाने त्याला कुंकू लावायच्या. माथ्यावर पेट्रोलचं गोल झाकण, त्याच्या मधोमध बारीकसा खळगा. कपाळाची जागा जणू कारखान्यातूनच करून आलेली.

दत्ताराम हसले होते. “गे आये, यंत्र आहे ते.”

“गप रे! देवाक असा बोलूचा न्हय.”

आणि मग तो दिवस उजाडला. लेकीची, श्वेताची, मुलाखत होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पोरगी अकरा महिने घरी बसलेली. ठाण्याच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअरची जागा निघाली होती आणि तीन वाजता शेवटची फेरी. इंटरनेट मोबाइलवरून मिळालं असतं, पण कंपनीची टेस्ट लॅपटॉपशिवाय उघडत नव्हती.

२:२०. जेसीबी हलला. खालून “अरे रुक, रुक!” असा ओरडा आला आणि पंखा थांबला.

“गेली!” दत्ताराम आनंदाने किंचाळले. “लाइट गेली!”

गॅलरीत टाळ्या पडल्या. विनिता धावत आली. “अभिनंदन काका! झकास!”

“बाबा, माझा इंटरव्ह्यू आहे,” श्वेता रडवेली झाली होती.

“म्हणून तर आणलाय हा! चार महिने बसून खातोय, आता दाखव म्हणावं.”

पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं : जनरेटर वापरताना घराचा मेन स्विच बंद ठेवावा. दत्ताराम नियमाचा माणूस. त्यांनी मेन खाली ओढला आणि त्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली.

२:५५. जनरेटर दुसऱ्या झटक्याला सुरू झाला. तीनला मुलाखत घेणाऱ्या संघमित्रा मॅडम पडद्यावर आल्या. श्वेता म्हणाली, “गुड आफ्टरनून मॅडम, मी श्वेता परब, माझा डिप्लोमा...” आणि जनरेटरने उचकी दिली. लॅपटॉपने मान टाकली.

“वाट लागली!” विनिता म्हणाली.

दत्तारामांनी पेट्रोल बघायला झाकण उघडलं. फुस्स झालं. टाकी भरलेली. झाकण लावलं. वनमालाबाईंनी लगबगीने त्यावर ताजं कुंकू टेकवलं. दोरी ओढली. सुरू!

“बघलंस? कुंकू लावलंय तसो उठलो.”

सात मिनिटं. बंद. झाकण, फुस्स, कुंकू, दोरी. सुरू. वनमालाबाईंकडे आता गॅलरीतले सगळे भक्तिभावाने बघू लागले. पुन्हा बंद पडला तेव्हा तर दोघातिघांनी हातच जोडले. विनिता तेवढी मध्येच घरी निघून गेली होती. तिच्याकडून मिक्सरची अशी घरघर येत होती की जनरेटर चालू आहे की नाही, ते कान लावून ऐकावं लागत होतं.

३:२२. तिसऱ्यांदा लॅपटॉप मेला आणि मोबाइल वाजला. मॅडमच होत्या.

“श्वेता, काय चाललंय तिकडे?”

संपलं, दत्तारामांना वाटलं. आपल्या हौसेपायी पोरीची नोकरी गेली.

“मॅडम, जनरेटर सारखा बंद पडतोय. सॉरी.”

“सॉरी कशाला? बंद पडलेलं मशीन का पडलं, ते शोधायचीच नोकरी आहे ना ही? व्हिडिओ चालू कर. शोध. मी बघते.”

श्वेताने मोबाइल विनिताच्या कपडे वाळवायच्या दोरीला चिमट्याने लावला. एकदा डोळे पुसले.

“बाबा, बंद पडल्यावर तुम्ही काय काय करता? क्रमाने सांगा.”

“झाकण उघडतो. फुस्स होतं. लावतो. मग आई...”

“थांबा. आता झाकण उघडायचं नाही. आजी, तू फक्त कुंकू लाव.”

वनमालाबाईंनी ऐटीत कुंकू लावलं. दत्तारामांनी दोरी ओढली, ओढली, खांदा दुखेस्तोवर ओढली. काही नाही.

“तेका राग इलो आसतलो.”

“आता नुसतं झाकण. कुंकू नाही.”

फुस्स. दोरी. सुरू! वनमालाबाईंचा चेहरा पडला.

“मॅडम,” श्वेता म्हणाली, “टाकीत हवा जात नाहीये. पेट्रोल खाली जातं, वर हवा नाही, मग इंजिन उपाशी मरतं. झाकणाला हवेचं भोक असणार.” तिने जनरेटर बंद केला, झाकण काढलं, केसातली पिन काढली आणि खळग्यात घातली. चार महिन्यांचं कुंकू खपलीसारखं निघालं. खाली सुईच्या टोकाएवढं भोक.

मोबाइलमधून हसू आलं. “आजी, नमस्कार. कुंकू जरूर लावा, पण हँडलला.”

पुढची टेस्ट एकदाही न थांबता झाली. ३:५८ ला मॅडम म्हणाल्या, “पत्र मेलवर येईल. सोमवारपासून ये.”

श्वेताने आधी आजीला मिठी मारली. “आजी, तू कुंकू लावलं नसतंस तर मी त्यांना दाखवणार काय होते?”

“मिया म्हणालंय ना, देव आसा,” वनमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हँडलवर बोट टेकवलं.

दत्तारामांनी कढत जनरेटरला हात जोडले, जेसीबीला जोडले, तोडलेल्या केबललासुद्धा जोडले. विनिता वाटी घेऊन आली. “घ्या काका, तोंड चटपटीत करा. ओल्या खोबऱ्याची चटणी, मघाशीच मिक्सरमधून काढलीय. आणि हे अजून कशाला घुमवत ठेवलंय?”

“राहू दे गं,” चटणीचं बोट चाटत दत्ताराम तृप्तपणे म्हणाले. “लाइट येईपर्यंत चालू दे बिचारा.”

लाइट तीन वाजून दहा मिनिटांनी आली होती.