ढवळ्याचं पोट

इंदापूरच्या गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर रावजी यांनी ऐन चाळिशीत राजीनामा दिला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "आजपास्नं मी लेखक."

प्रयागबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "कशाचं?"

"ल्हान पोरांच्या गोष्टींचं. चित्रांची पुस्तकं काडनार."

"आवं, पर पोरं तर तुमास्नी बघून पळत्यात!"

हे खरं होतं, आणि तेच तर रावजींचं दुखणं होतं. वर्षानुवर्षं बांबूच्या नळीनं बैलांच्या घशात औषध ओतल्यामुळे गावातल्या पोरांत त्यांचं नाव 'नळीवाला' पडलं होतं. जेवताना नखरे करणाऱ्या पोराला आया दम भरत, "गिळतोस का बोलवू नळीवाल्याला?" रावजींच्या घरात मूल नव्हतं. निदान दुसऱ्याचं एखादं हसत आपल्याकडे धावत यावं, एवढीच त्यांची हौस होती.

पुस्तकाचं नाव ठरलं 'हावरट ढवळ्या'. ढवळ्या बैल कुंपण मोडून ओला लसूणघास खातो, त्याचं पोट फुगतं आणि त्याला शहाणपण येतं, अशी सरळ गोष्ट. पण लिहिताना पोट आलं की रावजींचा टाक तिथून हलेना. डावी कूस कशी फुगते, ती नगाऱ्यासारखी कशी वाजते, रवंथ कधी बंद पडतं, सगळं आलं. निम्म्याहून जास्त पुस्तक पोटातच गेलं. शहाणपणाला शेवटची दीड ओळ उरली.

चित्रांसाठी त्यांनी बारामतीचा म्हस्कू पेंटर गाठला. तो सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. त्याला नट्या फर्मास जमत, बैल जमत नसे. त्यानं ढवळ्याला लांब पापण्या दिल्या, काजळ घातलं आणि गालावर तीळ काढला.

"डोळ्यांचं तुमी माज्यावर सोडा," म्हस्कू म्हणाला. "पब्लिक रडलं पायजेल."

"आरं, हसलं पायजेल! पोरं हायती ती!"

डोळे रावजींनी सोडून दिले, पण पोट नाही सोडलं. पेंटरच्या मानेशी उभं राहून फुगलेली कूस, त्यावर उपाय म्हणून तोंडात आडवी बांधलेली काठी, उंचवट्यावर चढवलेले पुढचे पाय, सगळं त्यांनी जसंच्या तसं काढून घेतलं.

पुस्तकं छापून आली. बावड्याचे मोहनराव मास्तर ओळखीचे होते. त्यांनी शाळेत वाचायला बोलावलं. रावजी पांढरं धोतर नेसून गेले. कुंपण मोडल्यावर पोरं खिदळली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी पान उलटलं. आडवा पडलेला ढवळ्या काजळभरल्या डोळ्यांनी वर्गाकडे बघत होता.

"मरतोय व्हय त्यो?" पुढच्या एका पोरीनं विचारलं.

"न्हाय गं, फुडं बरा व्हतो."

इथं पान उलटायचं सोडून रावजींमधला कंपाउंडर जागा झाला. "पर उशीर झाला तर मरतो बरं का. त्येचं आसं आसतंय..."

वर्गानं एकदम भोकाड पसरलं. रावजींनी आधारासाठी मास्तरांकडे पाहिलं, तर मास्तर उपरण्यानं डोळे पुसत होते. "आमचा खिलाऱ्या असाच गेला हो, रावजी!"

रावजी पुस्तक वर्गातच विसरून परत आले ते तोंड लपवत. पण दुसऱ्याच दिवशी बावड्याचा कुंडलिक सायकल हाणत दारात हजर. "त्ये पोट फुगल्याचं पुस्तक हितंच मिळतंय का?"

"का रं?"

"काल सांजच्याला गाय फुगली. पोरगं रडत रडत म्हनलं, चित्रात हाय तशी काठी बांदा, फुडचे पाय उकिरड्यावर चडवा. तसं केलं, तर गाय ढेकर दिऊन उटली! चार पुस्तकं द्या. मेव्हन्यांस्नी पायजेत."

"आरं, पोरांसाठी हाय त्ये!"

"आसंना. अक्षरं मोटी हायती. आमाला बिनचष्म्याचं दिसत्यात."

बाजाराच्या दिवशी उरलेले गठ्ठे संपले. 'हावरट ढवळ्या' गावोगावच्या गोठ्यांत खुंटीला लटकला. लहान मुलाच्या हातात तो कुठंच दिसेना. वर लोक जनावरं घेऊन घरीच येऊ लागले.

"लेखक हायती का घरात? म्हस आनलीया."

नाइलाजानं रावजींनी माळ्यावरची नळी काढली. ती बघताच गल्लीतली पोरं पसार झाली.

"नोकरीत निदान गुरं दवाखान्यात तरी बांदत व्हती," प्रयागबाई शेण उचलत म्हणाल्या. "आता माज्या तुळशीपाशी."

स्वतःच्या लेखनकलेचं रावजींनाच हसू येऊ लागलं. तेवढ्यात छापखानेवाल्याचा निरोप आला, की आता गुरांच्या लाळ-खुरकत रोगाचं पुस्तक काढा. म्हस्कू तर कुंचला परजून तयारच होता. "खुरांवर मेंदी काडतो."

"न्हाय!" रावजी ओरडले. "आता सशाची गोष्ट. धडधाकट ससा!"

त्या दुपारी ते दार लावून लिहीत बसले. प्रयागबाई सूप घेऊन निवडायला शेजारी टेकल्या. ढवळ्याचं एक अक्षर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण आज म्हणाल्या, "वाचा की मोट्यानं."

"एका रानात एक ससा होता. तो फार आनंदी होता. दिवसभर उड्या मारायचा..." रावजी अडखळले.

"मग?"

रावजींनी कागदाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पडेल आवाजात वाचलं, "मग एक दिवस त्याचं नाक कोरडं पडलं."

प्रयागबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "आगं बाई!" त्या जवळ सरकल्या. "मग काय दिलं त्येला?"