अप्पांच्या कमरेची चावी

"यंदा लग्नाच्या वाढदिवसाला तू आन मी, दोघंच! सरळ नांदेड. गोदावरीच्या घाटावर बसायचं, चांगल्या हाटेलात जेवायचं आन दिवस मावळायच्या आत घरी. मधी कोण येणार? गाडीत तिसऱ्याला जागाच न्हाई!"

रेवणसिद्धनं हे इतक्या ठसक्यात सांगितलं की भाकरी थापता थापता शिवकांताचा हात थांबला. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याबरोबर पुष्कळ ठिकाणी गेली होती, पण दोघंच असे कधीच नाही. बरोबर कायम सासरे, नाहीतर नणंद, नाहीतर डाळीची पोती. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "आन चाबी?"

झालं! सगळा ठसका तव्यावरच्या पाण्यासारखा चुर्रकन उडून गेला.

त्याचं असं होतं. रेवणसिद्ध उदगीरच्या मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला, आडत्या, वय एक्कावन्न, केसांना कलप, रक्तात साखर, आणि स्वतःच्या नावावर एकही चावी नाही! या घराचा रिवाजच तसा. दिवेलागणीला घरातली एकूण एक चावी अप्पांपुढं, म्हणजे अमृतरावांपुढं, आणून ठेवायची. दुकानाची, गोदामाची, तिजोरीची, स्कूटरची, एवढंच काय, पाण्याच्या टाकीच्या कुलपाचीसुद्धा. अप्पा त्या कमरेच्या गोफात ओवायचे आणि सकाळी पूजा झाल्यावर ज्याची त्याला द्यायचे, मंदिरात प्रसाद द्यावा तशा. "मी गेल्यावर तुझंच हाय की रे सगळं!" असं ते वरचेवर म्हणत. पण ब्याऐंशीव्या वर्षी त्यांची तब्येत अशी ठणठणीत होती की तपासणारा डॉक्टरच त्यांना पथ्य विचारायचा. मोंढ्यात रेवणसिद्धला अजून 'धाकटे मालक' म्हणत. एक्कावन्नाव्या वर्षी धाकटा!

म्हणून तर त्यानं ती गाडी घेतली. हैदराबादची, जुनी, पिवळीधमक स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीटा आणि उंची एवढीच की शेजारी उभी राहिलेली म्हैस तिच्याकडं वरून बघायची. रेवणसिद्धचा हिशेब पक्का होता. अप्पांचे गुडघे वाकत नाहीत, ते यात बसणार नाहीत, म्हणजे ही चावी आपली!

घात केला विकणाऱ्यानं. गाडी दारात आणून दिली आणि अप्पांसमोरच फुशारक्या मारायला लागला, "चाबी हात में पकडने की जरूरतच नक्को साब! गाडी में कहीं भी रहने दो, बटन दबाव, चालू! दूसरी चाबी पुराने मालिक ने गुमा दी, पर एक बस है!"

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढं केला. "हातात लागतच न्हाई ना? मग राहू दे माझ्या कमरेला."

त्या दिवसापासून गाडी म्हणजे अप्पा आणि अप्पा म्हणजे गाडी. बँकेत जायचं, अप्पा शेजारी. टायरमध्ये हवा भरायची, अप्पा शेजारी. जे गुडघे देवळाच्या पायरीवर वाकत नव्हते, ते या गाडीत बिनतक्रार वाकले! उतरताना तेवढे दोन हमाल लागायचे, एक हाताला आणि एक काखेला. शिवकांताला त्या सीटवर बसायला अजून मिळालं नव्हतं.

बरं, ती चावी गप्प बसेल तर शपथ! अप्पा दुकानात लोडाला टेकले की कमरेखाली बटण दाबलं जायचं आणि बाहेर गाडी बोंब ठोकायची. एकदा ऐन सौद्याच्या वेळी असा भोंगा वाजला की बसवंत आडत्यानं दचकून कानाकडं हात नेला. वर गेलेला हात बोलीचा धरला गेला आणि सोयाबीनचा ओला ढीग त्याच्या गळ्यात पडला! तो अजून रेवणसिद्धशी बोलत नाही.

आणि सकाळचा सोहळा वेगळाच. लिंगपूजा आटोपली की कपाळभर भस्म लावून अप्पा उंबऱ्यात उभे राहायचे, चावी गाडीकडं धरायचे आणि बटण दाबायचे. गाडीचे दिवे मिचकायचे. "बघ, शरणार्थ केला मला!" अप्पा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे. घरात दुसरं कोणी एवढ्या तत्परतेनं शरणार्थ, म्हणजे नमस्कार, करत नव्हतं, हेही खरंच.

रेवणसिद्धनं चोरून दुसरी चावी करायची ठरवलं. शोरूमवाल्यांनी गाडीच्या पहिल्या मालकालाच घेऊन या म्हणून सांगितलं. शेवटी लातूरचा चावीवाला उमाशंकर सापडला. त्याचं फोनवर म्हणणं, "मालक, आपण विमानाची चाबी बी करून देतो. फक्त विमान दुकानापातुर आणा!"

गाडी दुकानापर्यंत न्यायची म्हणजे अप्पांना नेणं आलं. "एसीचा गॅस भरायचाय," रेवणसिद्धनं थाप मारली. "चल की, मी बी येतो," अप्पा म्हणाले, जसं काही न येण्याची सोय होती!

लातूर येईपर्यंत अप्पा घोरायला लागले होते. उमाशंकरनं गाडीच्या पोटात वायर घातली, मांडीवर लॅपटॉप घेतला, नवी चावी लावली आणि हळूच म्हणाला, "आता जुनी चाबी द्या. दोन्ही एकदम शिकवाव्या लागतात. जी समोर नसंल तिला गाडी कायमची विसरती."

रेवणसिद्धनं अप्पांच्या कमरेकडं हात नेला. बोटं गोफाला लागली मात्र, अप्पा झोपेतच खेकसले, "कोन हाय रे?" लहानपणी गल्ल्यातनं चाराणे उचलताना हाच आवाज आला होता. हात आपोआप मागं आला.

"मरू दे तिला!" तो उमाशंकरच्या कानात म्हणाला. "नव्या चाबीचं तेवढं कर."

अप्पांनी एक डोळा उघडला. "कुनाला मरू दे म्हणालास?"

"गॅस, अप्पा! जुना गॅस!"

डोळा मिटला. थोड्या वेळानं नवी चावी रेवणसिद्धच्या खिशात होती आणि शेजारी अप्पा मेलेली चावी कमरेला लावून सुखात झोपले होते. उदगीरपर्यंत तो गाणं गुणगुणत आला. आयुष्यात पहिल्यांदा चालणारी चावी त्याच्या एकट्याकडं होती!

हा आनंद सकाळपर्यंत टिकला.

"सूनबाई! अगं, गाडी बोलंना!" उंबऱ्यातून अप्पांची हाक आली. वरच्या मजल्यावर रेवणसिद्ध दात घासत होता. तो तोंडात फेस घेऊन तसाच पळाला, खिडकीआड दडला आणि आपल्या चावीचं बटण दाबलं. दिवे मिचकले. "हां, बोलली!" अप्पा म्हणाले. रेवणसिद्धनं फेस गिळला.

मग रोज हेच. अप्पा पूजेवरून उठले की हा खिडकीत हजर! अंघोळ अर्धी टाकून, टॉवेल सावरत. दुकानात कोणी पाहुणा आला की अप्पा त्याला बाहेर आणायचे, "माझा हात लागल्याशिवाय हालत न्हाई ही!" म्हणून प्रयोग दाखवायचे, आणि रेवणसिद्ध पोत्यांच्या थप्पीमागून खिसा दाबायचा. कधी उशीर झालाच तर अप्पा पाहुण्याला समजावायचे, "जरा सावकाश ऐकती आता. वय झालं तिचं."

शिवकांतानं एकदा त्याला पकडलंच. "खिशात हात घालून खिडकीमागं काय करून राहिलात हो?"

त्यानं मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे पैले अप्पांचे डायवर होतात, आता त्यांच्या चाबीचे बी नोकर झालात!"

"सांगून टाकलं तर ही बी काढून घेतील! थांब, लग्नाच्या वाढदिवसाला दाखवतोच तुला."

खरं कारण वेगळं होतं. अप्पांपुढं उभं राहून सांगायची त्याची छाती नव्हती, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

तो दिवस आला. अप्पा पूजेला बसले तसे दोघं चपला हातात घेऊन घराबाहेर सटकले. शिवकांतानं हिरवं इरकल नेसलं होतं. ती वाकून, पदर सावरून, हसत हसत त्या सीटवर बसली. "अगं बाई, लई खाली हाय की हो हे! रस्त्यावरच बसल्यासारखं वाटतंय!" समोरच्या डॅशबोर्डवरून तिनं हळूच हात फिरवला, नव्या साडीवरून फिरवावा तसा. तिचं हे हसू बघून रेवणसिद्धला फार बरं वाटलं. आपण इतकी वर्षं वाया घालवली, असंही वाटलं.

त्यानं गाडी सुरू करायला बोट पुढं केलं आणि उंबऱ्यात अप्पा आले. पूजा आज लवकर उरकली होती.

गाडीच्या काचा काळ्या. आत कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी चावी धरली आणि बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. चावी तळहातावर आपटली, धोतराला पुसली, पुन्हा दाबलं. मग त्यांनी गल्लीत दोन्हीकडं बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून. रेवणसिद्धनं बापाचा असा चेहरा कधी बघितला नव्हता. त्याचा हात खिशाकडं गेला.

शिवकांतानं मनगट धरलं. "नका हो. आज नका. चालू करा गाडी."

"एकदाच," तो म्हणाला.

दिवे मिचकले.

"शरणार्थ, शरणार्थ!" अप्पांचा चेहरा उजळला. ते खुशीत चालत आले आणि त्यांनी डावीकडचं दार उघडलं. आत सून! ते म्हणाले, "तू आत कामून बसलीस? काच पुसायली का?"

शिवकांतानं नवऱ्याकडं बघितलं. नवरा स्टेअरिंगकडं बघत होता.

"हाव अप्पा," ती म्हणाली. बाहेर आली, आणि इरकलच्या पदरानं काच पुसली. "झाली पुसून. बसा."

अप्पा बसले. दार लागलं. "कुठं निघालास रे?"

"नांदेडला."

"चल की! चाबी हाय माझ्याकडं."

दुपारी गोदावरीच्या घाटावर बापलेक भजी खात बसले होते. अप्पा भलतेच खुशीत होते. पाण्याकडं बघत त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "सूनबाईला बी आणायला पाहिजे होतं रे. पर काय करावं, तू गाडीच अशी घेतलीस! तिसऱ्याला जागाच न्हाई!"